काम ठरण्याआधीचे बोलणे

सर्जनशील काम विकत घेणारा माणूस अजून तयार नसलेली वस्तू विकत घेत असतो. नाशिकच्या भांडी बाजारातली समई हातात घेऊन, वजन करून पाहता येते. लग्नाचे छायाचित्रण, बंगल्याचा आराखडा, चिवड्याच्या पाकिटाची रचना किंवा कंपनीचे बोधचिन्ह ठरवताना मात्र दाखवायला काहीच नसते. ग्राहकाच्या मनात एक चित्र असते आणि कलावंताच्या मनात दुसरे. पुढे होणारे बहुतेक वाद कोणाच्या लबाडीतून येत नाहीत. पहिल्या दोन भेटींत जे बोलायचे राहून गेले, त्यातून ते येतात.

नाशिकमध्ये या राहून जाण्याला ओळखीची जोड मिळते. सातपूर किंवा अंबडच्या उद्योजकाला डिझायनर त्याच्या सीएने सुचवलेला असतो, गंगापूर रोडवरचा बंगला आतेभावाच्या मित्राने आखलेला असतो, आणि धाकटीच्या लग्नाला फोटोग्राफर मोठीच्या लग्नातलाच असतो. ओळखीमुळे विश्वास लवकर बसतो, हा मोठा फायदा. पण त्याच ओळखीमुळे पैशाचे, मुदतीचे आणि हक्कांचे बोलणे जड जाते. ‘घरचंच काम आहे, पैशाचं काय, होऊन जाईल’ असे ग्राहक म्हणतो; ‘तुमच्याकडून काय जास्त घेणार’ असे समोरचा म्हणतो. दोघेही चांगुलपणानेच बोलतात. तीन महिन्यांनी बिल येते तेव्हा ग्राहकाला ते फार वाटते आणि कलावंताला आपण फुकट राबलो असे वाटते. भिडेपोटी टाळलेला विषय सुटत नाही. तो उशिरा आणि रागात निघतो. अवघड गोष्टी काम सुरू होण्याआधी, दोन्ही बाजू खुशीत असताना बोलून घ्याव्यात, हे पुढच्या सगळ्या सूचनांचे मूळ आहे.

नाशिकचाच जुना दाखला

पैसा लावणारा आणि कला करणारा यांच्यातला, भारतीय चित्रपटाच्या सुरुवातीच्या काळातला एक मोठा बेबनाव नाशिकमध्येच घडला. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित केला आणि त्यानंतर आपले चित्रपटाचे बिऱ्हाड नाशिकला हलवले. १९१७ चा ‘लंकादहन’ तुफान चालल्यावर भांडवलदार भागीदार पुढे आले आणि १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ हे तिचे चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतले. तरीही थोड्याच काळात मतभेद विकोपाला गेले. चित्रपटाला लागणारा वेळ आणि पैसा भागीदारांना जास्त वाटत होता. पैसा पुरवणाऱ्यांनी निर्मितीच्या तांत्रिक बाजूत हात घालू नये, असे फाळक्यांचे म्हणणे होते. फाळके कंपनी सोडून काशीला गेले, तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, आणि १९२२ मध्ये त्याच कंपनीत परतले ते पगारदार म्हणून.

या प्रकरणात एका बाजूला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. खर्चाचा हिशेब मागणे हा पैसा लावणाऱ्याचा हक्क आहे. चित्रीकरण पुन्हा करायचे की नाही हे ठरवणे हा दिग्दर्शकाचा हक्क आहे. हे दोन्ही हक्क एकाच निर्णयात एकमेकांना भिडतात, कारण पुन्हा चित्रीकरण म्हणजे पुन्हा खर्च. त्या वळणावर कोणाचा शब्द चालणार हे आधी ठरलेले नसेल, तर कंपनी यशस्वी असूनही माणसे दुरावतात. आजचा इंटिरिअर डिझायनर आणि त्याचा ग्राहक यांच्यात नेमके हेच घडते, फक्त रक्कम लहान असते.

फाळक्यांच्याच आयुष्यात याच्या नेमकी उलट, अनुकरण करण्यासारखी गोष्टही आहे. ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसा उभा करायचा होता तेव्हा त्यांनी नुसती वर्णने केली नाहीत. कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो याची छोटीशी फिल्म, ‘अंकुराची वाढ’, त्यांनी रोज थोडे थोडे चित्रण करून तयार केली आणि निवडक मंडळींना दाखवली. ती पाहून कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली. न दिसणाऱ्या वस्तूवर पैसा मागताना तिचा लहानसा खरा नमुना दाखवणे, हा प्रामाणिक संवादाचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत चालणारा मार्ग आहे.

पहिल्या भेटीत ग्राहकाने काय सांगावे

ग्राहक बहुधा उत्तरापासून सुरुवात करतो: ‘निळा लोगो हवा’, ‘चार पानी ब्रोशर हवे’. त्याने प्रश्नापासून सुरुवात केली तर काम चांगले होते. द्राक्षांचे बेदाणे आजवर पोत्याने विकणाऱ्या निफाडच्या शेतकऱ्याला आता पाव किलोची पाकिटे दुकानांत ठेवायची आहेत, हे डिझायनरला कळले तर तो पाकिटाचा आकार, पारदर्शक खिडकी, मराठी अक्षरांचा आकार यांचा विचार करतो. ‘एक चांगलं पाकीट करून द्या’ एवढेच कळले तर तो फक्त सजावट करतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बंधने. ती ग्राहकालाच माहीत असतात आणि तोच ती सांगायला विसरतो. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर घटक, निव्वळ वजन, किरकोळ विक्री किंमत, उत्पादनाची तारीख, उत्पादकाचा पत्ता, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक असा बराच मजकूर कायद्याने लागतो. नाशिकच्या वायनरीसाठी लेबल करणाऱ्याला तर याहून जपावे लागते: मद्यार्काचे प्रमाण आणि वैधानिक इशारा लेबलावर हवाच, आणि लेबलाला राज्य उत्पादन शुल्क विभागाची मंजुरी मिळाल्याशिवाय बाटली बाजारात जाऊ शकत नाही. ही यादी पहिल्या दिवशी दिली तर रचनाकार तिला रचनेत सामावून घेतो. शेवटच्या दिवशी दिली तर सुंदर लेबलावर ती कशीबशी कोंबली जाते. मंजुरीला लागणारा वेळही वेळापत्रकात धरावा लागतो.

तिसरी गोष्ट पैसा, आणि इथे ग्राहक सर्वांत जास्त लपवतो. आकडा सांगितला की समोरचा तेवढेच बिल करील, अशी भीती त्यामागे असते. ही भीती अगदीच निराधार नाही, पण लपवण्याचा तोटा जास्त आहे. दोन शयनगृहांच्या फ्लॅटचे इंटिरिअर पाच लाखांत होते आणि पंचवीस लाखांतही होते. आकडा न कळलेला डिझायनर मधल्या कुठल्या तरी कल्पनेवर महिनाभर आराखडे काढतो आणि मग ते सगळे रद्द होतात. नेमका आकडा सांगायचा नसेल तर ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ एवढे तरी सांगावे. आणि त्याहून जास्त खरोखर परवडणार नसेल, तर तेही सांगावे. व्यावसायिकानेही आकडा ऐकून तेवढ्यात काय होईल आणि काय होणार नाही हे त्याच बैठकीत सांगितले, तर ग्राहकाची भीती पुढच्या वेळी उरत नाही.

चौथी गोष्ट, निर्णय कोण घेणार. घराच्या रंगावर चर्चा मुलाबरोबर होते आणि शेवटचा शब्द आईचा असतो. कंपनीच्या संकेतस्थळाचे काम मार्केटिंगवाला पाहतो आणि सगळे झाल्यावर मोठे साहेब प्रथमच ते उघडतात. ज्याचा शब्द शेवटचा, त्याने पहिल्या बैठकीला यावे किंवा निदान पहिला नमुना स्वतः पाहावा. हे जमत नसेल तर तसे आधी सांगावे, म्हणजे व्यावसायिक दुरुस्तीच्या फेऱ्या आणि दर त्याप्रमाणे ठरवील.

व्यावसायिकाने काय लपवू नये

व्यावसायिकाच्या बाजूने सर्वांत सर्रास होणारी लपवाछपवी क्षमतेची असते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की एकाच मुहूर्तावर दोन-तीन लग्नांची कामे घेतली जातात, आणि ज्याचे काम पाहून कुटुंबाने आगाऊ रक्कम दिली तो स्वतः न येता सहकाऱ्याला पाठवतो. सहकारी हुशार असेलही, पण कुटुंबाने निवडलेला तो नव्हे. प्रत्यक्ष कोण येणार, कॅमेरे किती, एखादा आजारी पडला तर पर्याय कोण, हे आगाऊ घेण्यापूर्वी सांगावे. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या काळात नाशिकमधल्या छपाई, फलक, चित्रीकरण आणि मांडव-सजावटीच्या व्यवसायांवर कामांचा असाच लोंढा येतो. त्या काळात ‘नाही, या तारखेला जमणार नाही’ हे उत्तर ग्राहकाला आधी वाईट वाटते आणि नंतर उपकाराचे वाटते, कारण त्याला दुसरा माणूस शोधायला वेळ मिळतो.

दुसरी लपवलेली गोष्ट कमिशनची. प्लायवूड, टाइल्स, दिवे, सॅनिटरी सामान यांच्या दुकानातून डिझायनरला टक्केवारी मिळते, ही गोष्ट बाजारात सर्वांना ठाऊक असते; ज्याच्या पैशातून ती जाते त्या ग्राहकालाच ती कोणी सांगत नाही. छपाई करवून देणारा डिझायनरही प्रेसच्या दरावर आपले काही ठेवतो. खरेदीची धावपळ, माल तपासणे, उधारीची जोखीम घेणे यांचा मोबदला घेण्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते झाकणे. कारण एकदा ते कळले की डिझायनरने सुचवलेली प्रत्येक वस्तू ग्राहकाला संशयास्पद वाटू लागते, खरोखर चांगली वस्तूसुद्धा. सरळ मार्ग असा: ‘माझे शुल्क इतके, खरेदी माझ्यामार्फत केली तर त्यावर इतके टक्के, स्वतः केली तर ते नाही.’ वास्तुविशारदांच्या बाबतीत हा नुसत्या सभ्यतेचा प्रश्न नाही. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ प्रमाणे ही पदवी लावण्यासाठी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते, आणि कौन्सिलच्या १९८९ च्या आचारनियमांनी ग्राहक किंवा काम मिळवून देण्याबद्दल कमिशन वा भेटी देण्याघेण्याला मनाई केली आहे. घर बांधणाऱ्याने नोंदणी क्रमांक विचारावा. खऱ्या वास्तुविशारदाला त्याचा राग येत नाही.

तिसरी गोष्ट काम कशापासून बनले आहे ही. विकतच्या संग्रहातले छायाचित्र, परवान्याचा फाँट, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने काढलेले चित्र वापरले असेल तर ते ग्राहकाला कळले पाहिजे. संग्रहातले तेच चित्र उद्या प्रतिस्पर्ध्याच्या फलकावरही दिसू शकते, आणि यंत्राने काढलेल्या चित्रावर मालकी हक्क सांगणे अवघड जाऊ शकते. बोधचिन्हासारख्या, पुढे व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायच्या कामात ही माहिती दडवणे म्हणजे ग्राहकाच्या धंद्याशी खेळणे आहे.

दर, मोफत नमुने आणि कागद

‘आधी चार लोगो करून दाखवा, आवडला तर पैसे’ ही मागणी नाशिकच्या बाजारात रोज होते. ती करणाऱ्याला वाटते आपण सावध आहोत. पण बोधचिन्हाच्या कामातला मोठा भाग हा विचार करण्याचा, धंदा समजून घेण्याचा असतो, आणि मोफत काम करणारा नेमका तोच भाग गाळतो. तयार साच्यात नाव बसवून चार चित्रे पाठवतो. ग्राहकाला पारख करायचीच असेल तर आधीची कामे पाहावीत, त्या ग्राहकांशी फोनवर बोलावे, किंवा लहानसे काम पूर्ण पैसे देऊन करून घ्यावे. एका खोलीचा आराखडा, एका पाकिटाची रचना, साखरपुड्याचे छायाचित्रण यांतून माणूस कळतो.

दर सांगताना त्यात काय नाही, हे काय आहे याइतकेच ठळक असावे. संकेतस्थळाच्या दरात डोमेन, होस्टिंग, मजकूर लिहिणे आणि मराठी भाषांतर येते का? लग्नाच्या दरात अल्बम किती पानांचा, ड्रोन, प्रवास, मुक्काम, जास्तीचे तास येतात का? जीएसटी धरून आहे की वेगळा? वर्षाची उलाढाल वीस लाखांपेक्षा जास्त असलेल्या सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागते, आणि अशा कामांवर बहुधा १८ टक्के कर पडतो. पन्नास हजारांच्या कामात तो नऊ हजार होतो. हा आकडा बिलात प्रथम दिसला तर ग्राहक चिडणारच. दुसऱ्या बाजूला, वास्तुरचना, इंटिरिअर, जाहिरात अशा व्यावसायिक शुल्कातून वर्षाची रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर कंपनी साधारणपणे १० टक्के टीडीएस कापते. नव्याने काम सुरू केलेल्या तरुण डिझायनरला हे कोणी सांगितलेले नसते आणि कमी पैसे आले म्हणून तो मनात कुढत राहतो. कंपनीच्या माणसाने एका वाक्यात ते सांगावे.

भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे तोंडी करारही करारच असतो. कागद हवा तो कायद्याच्या धाकासाठी नाही, आठवणीसाठी. दोन माणसांना एकच बैठक दोन तऱ्हांनी आठवते, आणि दोघेही खरे बोलत असतात. म्हणून वकिली भाषेतला दहा पानी मसुदा नसला तरी चालेल. बैठक झाल्यावर त्याच संध्याकाळी पाठवलेला साधा मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुरतो. ‘ताई, आज ठरल्याप्रमाणे: बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर एवढेच काम, शुल्क इतके, तीन टप्प्यांत, आराखड्यात दोन वेळा बदल, त्यापुढे प्रत्येक वेळी इतके, साहित्य तुमच्याकडून, काम मधेच थांबवले तर तोवरच्या टप्प्याचे पैसे. काही वेगळे ठरले असेल तर कळवा.’ त्यावर समोरच्याचे ‘बरोबर आहे’ असे उत्तर आले की दोघांचीही झोप शांत होते. असा संदेश पाठवणे म्हणजे अविश्वास दाखवणे, ही समजूत सोडायला हवी. ओळखीच्या माणसाला तर तो आवर्जून पाठवावा, कारण तिथे कामाबरोबर नातेही पणाला लागलेले असते.

बदलांची संख्या आधी ठरवणे विशेष महत्त्वाचे आहे. ‘छोटासाच बदल आहे’ हे ग्राहकाला खरेच वाटते, कारण किती जागी हात लावावा लागतो हे त्याला दिसत नाही. एका खोलीतला पंख्याचा बिंदू दोन फूट सरकवला तर छत, वायरिंग आणि दिव्यांची रांग हे तिन्ही पुन्हा काढावे लागते. व्यावसायिकाने कुरकुर न करता हे दाखवून द्यावे आणि मग दर सांगावा. पहिले दोन बदल फुकट करून तिसऱ्याला रागावणे, हा प्रकार सर्वांत वाईट; ग्राहकाला राग कशाचा आला तेच कळत नाही.

आवडले नाही, हे कसे सांगावे

‘मजा नाही येत’, ‘काहीतरी हटके पाहिजे’, ‘अजून एक-दोन ऑप्शन दाखवा’ ही वाक्ये ऐकली की कलावंताकडे अंदाज बांधण्याखेरीज काही उरत नाही. ग्राहकाला कलेची परिभाषा येण्याची गरज नाही. त्याने आपल्याला काय खटकते आणि ते कुठे खटकते एवढे सांगावे. ‘हे पाकीट औषधाचे वाटते, खाण्याचे वाटत नाही’ हे उत्तम मत आहे. ‘हिरवा काढून लाल करा’ हे तितके उपयोगी नाही, कारण त्यात अडचण लपली आणि तोडगा पुढे आला. अडचण कळली तर डिझायनर कदाचित रंग तोच ठेवून अक्षर बदलील आणि काम साधेल. एका वेळी सगळी मते एकत्र करून पाठवावीत. घरातल्या पाच जणांनी पाच वेगळे संदेश पाठवले तर त्यांतले दोन हमखास एकमेकांविरुद्ध जातात आणि ते मिटवण्याचे काम परक्या माणसावर येते. नुसती नापसंतीच कळवावी असेही नाही. काय आवडले हेही नेमके सांगितले तर पुढच्या फेरीत ते टिकते.

ऐकणाऱ्यानेही लगेच बचाव करू नये. ‘कोणते पाहून असे वाटले?’ हा प्रश्न विचारावा. ग्राहकाची सूचना काम बिघडवील असे वाटत असेल तर एकदा, स्पष्टपणे, कारणासह सांगावे: या आकाराचा लोगो टाकला तर फोन नंबर रस्त्यावरून वाचता येणार नाही. तरीही ग्राहक ठाम असेल तर ते काम त्याचे आहे. मनातून नाराज होऊन मुद्दाम कच्चे काम देणे हा अप्रामाणिकपणाच आहे, तो शब्दांत दिसत नाही इतकेच.

परत फिरता येत नाही ते टप्पे

प्रत्येक कामात एक क्षण असा येतो की त्यानंतर बदल शक्य नसतो किंवा फार महाग पडतो. तो क्षण कोणता हे व्यावसायिकाला ठाऊक असते. ग्राहकाला तो आधी सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याची हातमागाची पैठणी याचे चांगले उदाहरण. मागणीनुसार पैठणी विणायची तर रंग, काठ आणि पदर आधी ठरतात. ताणा एकदा मागावर चढला की उभ्या धाग्याचा रंग बदलता येत नाही, आणि अंगाची छटा ताणा-बाण्याच्या दोन रंगांतून उमटते. त्यामुळे मोबाइलवर पाहिलेला जांभळा आणि मागावरचा जांभळा हुबेहूब जुळत नाही. पदरावर मोर, मुनिया, आसावली किती भरायचे यावर विणकराचे महिने आणि किंमत ठरते. म्हणून जाणता विणकर धाग्याच्या लडी प्रत्यक्ष दाखवतो, उजेडात नेऊन दाखवतो, आणि जर कुठली, रेशीम कुठले, माग हाताचा की यंत्राचा हे न विचारता सांगतो. ग्राहकानेही लग्नाची तारीख सांगताना दोन महिने आधीची खोटी तारीख सांगू नये. ही सवय फार पसरली आहे. तिच्यामुळे खऱ्या निकडीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

छपाईत हा क्षण म्हणजे अंतिम प्रूफ. लग्नपत्रिकेत कुलदैवताचे नाव, आजी-आजोबांच्या नावांचा क्रम, ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’, मुहूर्ताची वेळ, लॉन्सचा पत्ता यांतली एक चूक हजार प्रती वाया घालवते. प्रूफ कागदावर काढावे, घरातल्या निदान दोन जणांनी मोठ्याने वाचावे, आणि ‘ओके’ लिहून सही व तारीख टाकावी. त्यानंतर सापडलेली चूक प्रुफात होती तर पुनर्छपाईचा खर्च ग्राहकाचा. प्रुफात नसताना छापताना झाली तर प्रेसचा. ही वाटणी प्रूफ देतानाच सांगितली की लोक ते खरोखर वाचतात. पडद्यावरचे रंग आणि कागदावरचे रंग वेगळे येतात हेही तेव्हाच सांगावे. मोठ्या कामात एक रंगीत प्रत छापून दाखवावी. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की जोडाक्षरे बिघडतात, म्हणून मराठी मजकुराचे प्रूफ फाइल हलवल्यावर पुन्हा पाहावे.

बांधकामात स्लॅब, इंटिरिअरमध्ये लाकूड कापणे, चित्रपटात संकलन मंजूर होऊन संगीताला जाणे हे असेच टप्पे आहेत. त्यांच्या तारखा सुरुवातीच्या संदेशातच असाव्यात.

वाईट बातमी

उशीर होणार हे व्यावसायिकाला बहुधा आठवडाभर आधी कळलेले असते. तरी तो ‘उद्या देतो’ म्हणत राहतो, कारण प्रत्येक दिवशी त्याला खरेच वाटते की आज रात्री होईल. यातून ग्राहकाचे नुकसान उशिराने होते त्यापेक्षा अंधारात राहण्याने जास्त होते. दुकानाचे उद्घाटन चार दिवस पुढे ढकलता येते, पण पाहुण्यांना बोलावून झाल्यावर नाही. बातमी देताना तीन गोष्टी एकत्र द्याव्यात: काय झाले, नवी खरी तारीख कोणती, आणि तोवर काय देता येईल. लग्नाचे फोटो असलेले मेमरी कार्ड खराब झाले, तर ते त्याच दिवशी सांगावे. कार्ड पुन्हा वापरले नसेल तर बराचसा डेटा परत मिळू शकतो. महिना लपवला तर ती शक्यताही जाते.

ग्राहकाकडची वाईट बातमी बहुधा पैशाची असते. हप्ता लांबणार असेल तर फोन न उचलणे हा सर्वांत महाग उपाय आहे. ‘पंधरा तारखेपर्यंत जमणार नाही, निम्मे आता देतो’ एवढे सांगितले तर काम सहसा थांबत नाही.

काम कोणाचे, फाइल कोणाची

हक्कांच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे समज चुकीचे असतात. ‘पैसे दिले म्हणजे सगळे माझे’ असे ग्राहकाला वाटते, आणि ‘मी काढले म्हणजे माझे’ असे कलावंताला. स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ याहून बारकाईने बोलतो. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेले छायाचित्र, चित्र किंवा केलेली चित्रफीत असेल तर, वेगळे ठरले नसल्यास, पहिला हक्क काम सांगणाऱ्याचा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो आपल्या जाहिरातीसाठी वापरायचे तर फोटोग्राफरने कुटुंबाची परवानगी घ्यावी. ती शुल्क ठरवतानाच मागितली तर अवघड नसते. लेख, जाहिरातीचा मजकूर यांसारख्या कामांत, नोकरीचे नाते नसेल तर, हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो आणि तो लेखी, सही केलेल्या दस्ताशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. त्या दस्तात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. बोधचिन्हाच्या बाबतीत वाद नको असेल तर ग्राहकाने असा दस्त घ्यावाच. द्राक्षे किंवा वाइन निर्यात करणाऱ्याने त्यात प्रदेश स्पष्ट लिहून घ्यावा.

हक्क विकल्यावरही कलावंताचे काही उरते. आपल्या कामावर आपले नाव सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार कलम ५७ देते. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले ब्राँझचे भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकले गेले; २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. भिंतीवर चित्र काढून घेणाऱ्या हॉटेलमालकाने किंवा संस्थेने पुढे भिंत पाडायची असल्यास चित्रकाराला आधी कळवावे, अशी एक ओळ लिहून ठेवणे दोघांनाही सोयीचे.

‘ओपन फाइल’चा प्रश्नही असाच आधी सोडवावा. छापण्याजोगी पीडीएफ देणे आणि बदल करता येणारी मूळ सीडीआर किंवा तत्सम फाइल देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ फाइल शुल्कात येते का, तिचे वेगळे किती, फोटोग्राफर मूळ डेटा किती महिने जपून ठेवणार, हे सुरुवातीला ठरवावे. संकेतस्थळाचे डोमेन मात्र नेहमी ग्राहकाच्या नावावर आणि ईमेलवर घ्यावे, यात सवलत नसावी.

पैसे अडले तर

टप्प्याटप्प्याने पैसे घेणे हाच मुख्य उपाय: सुरुवातीला काही भाग, मंजुरीच्या टप्प्यावर काही, आणि अंतिम फाइल किंवा अल्बम देताना उरलेले. आगाऊ रकमेची पावती ग्राहकाने मागावी आणि व्यावसायिकाने न मागता द्यावी.

कंपन्यांकडून उशीर होत असेल तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग अधिनियम, २००६ कामी येतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु सेवा देणाऱ्याचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत कितीही ठरली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. काहीच ठरले नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. आयकराच्या २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून असा वेळेत न दिलेला खर्च कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीत धरता येत नाही, त्यामुळे अकाउंट्स विभाग ही तक्रार गांभीर्याने घेतो. डिझायनरने उद्यम नोंदणी काम सुरू होण्यापूर्वीच करावी आणि तिचा क्रमांक बिलावर छापावा.

घरगुती ग्राहकाला ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा आधार आहे. पैसे घेऊन अल्बम न देणारा फोटोग्राफर किंवा अर्धवट काम सोडून गेलेला इंटिरिअरवाला यांच्याविरुद्ध जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे येते, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, आणि तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिककराला नाशिकमध्येच, ती दाखल करता येते. तक्रारीआधी लेखी सूचना पाठवून ठरावीक दिवसांची मुदत द्यावी. सोबत अंदाजपत्रक, पावत्या, मंजूर केलेले प्रूफ आणि संदेशांची देवाणघेवाण जोडावी. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, म्हणून ते मूळ फोनमधून पुसू नयेत.